पाणबुड्यांच्या प्रतिकृति आणि बिनतारी लहर

बीड जिल्ह्यांतील पाटोदा या गांवापासून समुद्र सरळ रेषेंत सुमारें अडीचशें किलोमीटर दूर आहे. ज्या बालाघाटाच्या डोंगरांत हा तालुका वसला आहे त्यांतच मांजरा नदी उगम पावते. पण ती पश्चिमेच्या समुद्राकडे न वळतां पूर्वेची वाट धरते आणि गोदावरीस जाऊन मिळते. सौताड्याचा धबधबा पावसाळ्यांत गर्जतो आणि उन्हाळ्यांत मुका होतो. अशा मुलखांत पाणबुडीची गोष्ट काढणें हें प्रथमदर्शनीं विक्षिप्तपणाचें वाटेल. परंतु दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता, आणि निजामाचें नांव तर प्रत्यक्ष समुद्रावर फिरत होतें. ऑस्ट्रेलियाच्या आरमारांत १९४१ सालीं दाखल झालेल्या एका विनाशिकेस 'निझाम' असें नांव दिलेलें होतें. क्रीट बेटावरून सैन्य माघारीं आणण्याच्या कामांत आणि वेढलेल्या टोब्रुकला रसद पोंचविण्यांत तिनें भाग घेतला. ज्या राजाचें नांव ती मिरवीत होती त्याच्या मराठी रयतेपैकीं समुद्र पाहिलेलीं माणसें फार थोडीं असतील. १९५६ सालीं ती मोडीत निघाली.

ती विनाशिका जशी नाहींशी झाली तशाच त्या युद्धांतील ब्रिटिश पाणबुड्याही नाहींशा झाल्या. आणि त्या इतक्या पूर्णपणें कीं, त्यांचें रूप पाहावयाचें तर आज प्रतिकृतीवांचून मार्ग उरलेला नाहीं. त्यांचे मुख्य वर्ग तीन. मोठ्या 'टी' वर्गाच्या ५३, मधल्या 'एस' वर्गाच्या ६२ आणि लहान 'यू' वर्गाच्या ४९ पाणबुड्या बांधल्या गेल्या. युद्धांत ब्रिटनच्या सत्तराहून अधिक पाणबुड्या बुडाल्या आणि त्यांबरोबर तीन हजारांहून अधिक माणसें गेलीं. ज्या वांचल्या त्यांपैकीं कांहीं मित्रराष्ट्रांस विकल्या गेल्या, कांहीं आपल्याच नौकांच्या नेमबाजीसाठीं लक्ष्य म्हणून बुडविल्या गेल्या, आणि बाकीच्यांचें पोलाद वजनावर विकलें गेलें. या तीन वर्गांतील एकही पाणबुडी जतन करून ठेवलेली नाहीं. गॉस्पोर्ट येथील संग्रहालयांत 'अलायन्स' ही पाणबुडी आहे खरी, पण ती त्यानंतरच्या वर्गांतली. तिचें जलावतरण जुलै १९४५ मध्यें झालें आणि ती आरमारांत दाखल झाली १९४७ सालीं. शत्रूचें जहाज तिनें पाहिलेंच नाहीं. तेथेंच 'एक्स-२४' ही चार माणसांची चिमुकली पाणबुडी आहे. तिनें मात्र खरोखरीचें युद्ध पाहिलें. एरवीं सारें शून्य.

येथें मुंबईची एक आठवण सहज होते. वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं मुंबईच्या गोदींत सागवानाची जी 'त्रिंकोमाली' नांवाची फ्रिगेट बांधली आणि १८१७ सालीं पाण्यांत सोडली, ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें आजही पाहावयास मिळते. दोनशें वर्षांचें लांकूड टिकलें आणि ऐंशी वर्षांचें पोलाद टिकलें नाहीं! लांकडाच्या गलबताभोंवतीं लोकांचें प्रेम जमतें. पाणबुडी ही लपण्यासाठींच जन्मलेली, तिच्याभोंवतीं तें जमावें कसें?

ज्या लंकेंतील बंदराचें नांव त्या फ्रिगेटीस दिलें होतें, त्याच त्रिंकोमालीच्या खाडींतून १९४३ ते १९४५ या काळांत ब्रिटिश पाणबुड्या मलाक्काच्या सामुद्रधुनीकडे जात असत. 'टी' वर्गांतील 'टॅली-हो' ही त्यांपैकींच एक. लेफ्टनंट कमांडर बेनिंग्टन याच्या हाताखालीं तिनें ११ जानेवारी १९४४ रोजीं पेनांगजवळ 'कुमा' ही जपानी क्रूझर बुडविली. त्यानंतर सहा आठवड्यांनीं, रात्रीच्या अंधारांत, एक जपानी टॉर्पेडो-नौका तिच्या अंगावरून घासून गेली, आणि त्या नौकेच्या पंख्यांनीं तिच्या डाव्या बाजूच्या तोलाच्या टाक्या करवतीनें कापाव्या तशा उभ्या कापल्या. एका बाजूस कललेली ती पाणबुडी तशीच त्रिंकोमालीस परत आली. १९६७ सालीं ती भंगारांत गेली.

अशा पाणबुडीची मोठी, पाण्यांत चालणारी आणि कांठावरून बिनतारी लहरीनें हुकूम घेणारी प्रतिकृति करणारे हौशी लोक इंग्लंडांत, अमेरिकेंत आणि जर्मनींत आहेत. त्यांची पहिली अडचण कारागिरीची नसून शोधाची असते. जर्मन यू-बोटीची प्रतिकृति हवी असेल तर प्लॅस्टिकच्या सुट्या भागांचा संच दुकानांतून आणतां येतो. सातव्या वर्गाची यू-बोट बहात्तरांश आकारांत कित्येक वर्षें विकली जात आहे. कादंबऱ्या आणि १९८१ सालचा जर्मन चित्रपट यांनीं तिला जी प्रसिद्धि दिली ती ब्रिटिश पाणबुडीच्या वांट्यास आली नाहीं. हरलेल्या बाजूची पाणबुडी घरोघरच्या फळीवर आणि जिंकलेल्या बाजूची मात्र विस्मृतींत, असा हा उलटा न्याय आहे. 'टी' वर्गाची मोठी प्रतिकृति करावयाची तर बहुधा आराखड्यापासूनच आरंभ करावा लागतो.

मूळ आराखडे ग्रिनिच येथील सागरी संग्रहालयांत सांपडतात. पण आराखड्यांतली पाणबुडी आणि समुद्रावर गेलेली पाणबुडी या दोन निरनिराळ्या वस्तु असतात. 'टी' वर्गाच्या आरंभीच्या पाणबुड्यांत दहाच्या दहा टॉर्पेडो-नळ्या पुढें तोंड करून होत्या. मागून येणाऱ्या शत्रूवर मारा करतां येत नाहीं हें ध्यानांत आल्यावर मधल्या दोन नळ्यांचीं तोंडें मागें फिरविलीं गेलीं, शेपटाकडे आणखी एक नळी बसली आणि एकूण अकरा झाल्या. पुढें रिव्हेटांच्या जागीं वेल्डिंग आलें. विमानविरोधी तोफ आली, रडार आलें, तळ बदलला तसा रंग बदलला. म्हणून 'टी वर्गाची पाणबुडी' अशी प्रतिकृति असूंच शकत नाहीं. अमक्या नांवाची, अमक्या सालची, आणि शक्य तर अमक्या महिन्यांतली पाणबुडी एवढेंच करतां येतें. 'टॅली-हो' फेब्रुवारी १९४४ च्या आधींची कीं नंतरची, हें तिच्या डाव्या कुशीकडे पाहून सांगतां आलें पाहिजे.

छायाचित्रें थोडीं आहेत आणि जीं आहेत तीं बहुतेक बंदरांतलीं, एका बाजूनें घेतलेलीं. म्हणून समुद्रतळाशीं सांपडलेल्या अवशेषांकडे वळावें लागतें. कोस्तास थोक्टारिडिस या ग्रीक पाणबुड्यानें या कामीं मोठें यश मिळविलें. केफालोनिया बेटाजवळ ५२ मीटर खोलीवर 'पर्सियस' त्यानें शोधली. ही पाणबुडी थोड्या जुन्या वर्गांतली. ६ डिसेंबर १९४१ रोजीं ती सुरुंगावर आदळून बुडाली, आणि तिच्यांतून जॉन केप्स नांवाचा एकच खलाशी जिवंत बाहेर पडला. तो रात्रीं पोहत बेटाला लागला आणि ग्रीक गांवकऱ्यांनीं त्याला दीड वर्ष लपवून ठेवलें. एवढ्या खोलीवरून माणूस वर येतो यावर पुष्कळांचा विश्वास बसेना. त्याची कहाणी थाप म्हणून ऐकिली जाई. केप्स १९८५ सालीं वारला. त्यानंतर दहाबारा वर्षांनीं पाणबुडे खालीं उतरले तेव्हां सुटकेचें झांकण त्याच्या सांगण्याप्रमाणेंच उघडें आढळलें. माल्टाजवळ २०१९ सालीं 'अर्ज' सांपडली, आणि २०२३ सालीं एजियन समुद्रांत २०३ मीटर खोलीवर 'ट्रायम्फ'. अशा अवशेषांचें चित्रीकरण पाहतांना प्रतिकृति करणाऱ्याचें लक्ष तोफ कोणत्या कोनांत आहे, कठडा कोठें संपतो, पाणी आंतबाहेर होण्यासाठीं ठेवलेलीं भोंकें गोल आहेत कीं लांबट, इकडे असतें. बाहेरच्यास हें निर्दय वाटेल. पण तो पाहतो ती शवपेटी आहे याची जाणीव त्याला इतरांपेक्षां कमी असते असें मात्र दिसत नाहीं.

आतां आकाराचा हिशेब. 'टी' वर्गाची लांबी सुमारें ८४ मीटर. अठ्ठेचाळिसांश आकार धरला तर प्रतिकृति पावणेदोन मीटरांची, म्हणजे पुरुषभर लांबीची होते. लांबी ४८ पटींनीं घटते, पण वजन घनाच्या प्रमाणांत घटतें. म्हणजे लाखाहून अधिक पटींनीं. पृष्ठभागावर सुमारें १२९० टन आणि बुडाल्यावर सुमारें १५६० टन पाणी बाजूस सारणारी ती पाणबुडी या आकारांत वर असतां बारा किलोंची आणि पाण्याखालीं चौदा-साडेचौदा किलोंची होईल. बुडण्यासाठीं तिनें पोटांत घ्यावयाचें पाणी तेवढें अडीच किलो, म्हणजे एक मोठा तांब्या! वेगाचा नियम तिसराच. जहाजाच्या लाटा लहान प्रतिकृतींत तशाच उमटाव्यात तर वेग आकाराच्या वर्गमूळाच्या प्रमाणांत कमी करावा लागतो. विल्यम फ्राउड या इंग्रज इंजिनिअरानें १८७२ सालीं टॉर्की येथें हौद बांधून हा नियम प्रयोगानें पक्का केला. पंधरा नॉट धांवणारी पाणबुडी अठ्ठेचाळिसांश आकारांत सेकंदास मीटरभर गेली म्हणजे पुरे. त्याहून जलद गेली कीं तिच्यापुढें फेंसाचा डोंगर उठतो आणि खेळण्याचें रूप येतें. महाराष्ट्रांत हें शास्त्र परकें नाहीं. पुण्याजवळ खडकवासल्यास १९१६ सालीं उगम पावलेल्या संशोधनसंस्थेंत बंदरांच्या आणि नद्यांच्या प्रतिकृति याच नियमानें चालविल्या जातात. भरती-ओहोटीचे तास तेथें मिनिटांत येतात. लोणावळ्याच्या 'शिवाजी' या नौदलाच्या प्रशिक्षणतळावर राष्ट्रीय छात्रसेनेचे नौसैनिक विद्यार्थी जमतात तेव्हां जहाजांच्या प्रतिकृति बांधण्याचीही स्पर्धा होते. वर्तकांपासून यंत्रज्ञांपर्यंत साऱ्यांस जहाजाची पहिली ओळख हाताच्या बोटांनीं होते हें त्यांत गृहीत धरलेलें असतें.

प्रतिकृतीचें बाहेरचें कवच फायबर ग्लासचें असतें आणि त्यांत पाणी मोकळेपणें भरतें. खऱ्या पाणबुडीसही असेंच पातळ बाह्यांग असतें. आंत एक जलाभेद्य नळकांडें. त्यांत विजेऱ्या, मोटारी, ग्राहकयंत्र आणि तोलाची टाकी. पिचकारीच्या दट्ट्याप्रमाणें दट्ट्या मागें ओढला कीं पाणी आंत येतें, पुढें ढकलला कीं बाहेर जातें. हें सांगण्यास सोपें आहे. प्रत्यक्षांत शिशाचा एक तुकडा बोटभर पुढें सरकला कीं पाणबुडी नाक खालीं करते, आणि एक हवेचा बुडबुडा कोठें अडकला कीं ती बुडतच नाहीं. महिने कवच बांधण्यांत जातात, तर कित्येक रविवार न्हाणीघराच्या टबांत हा तोल साधण्यांत.

तोल साधेना म्हणून काय घडूं शकतें याचा सर्वांत भयंकर दाखला 'टी' वर्गांतच आहे. बर्कनहेड येथें बांधलेली 'थेटिस' ही नवी पाणबुडी १ जून १९३९ रोजीं लिव्हरपूलच्या उपसागरांत चांचणीसाठीं गेली. नेहमीच्या जवळजवळ दुप्पट, म्हणजे १०३ माणसें तिच्यावर होतीं, कारण गोदीचे कामगार आणि पाहुणेही बरोबर होते. टाक्या भरल्या तरी ती बुडेना. पुढची बाजू हलकी होती. पुढच्या टॉर्पेडो-नळ्यांत पाणी आहे कीं नाहीं हें पाहण्याचें ठरलें. प्रत्येक नळीच्या आंतल्या दारावर एक लहानशी तोटी असे. ती उघडली असतां पाणी आलें तर नळी भरलेली, न आलें तर रिकामी. पांचव्या नळीच्या तोटींतून कांहींच आलें नाहीं. दार उघडलें आणि समुद्र आंत आला. नळीचें बाहेरचें झांकण उघडें होतें, आणि तोटीचें बारीक भोंक रंगानें बुजलेलें होतें. मागच्या भिंतीचें दार वेळेवर बंद होईना, म्हणून दोन कप्पे भरले. नाक तळाच्या चिखलांत रुतलें. सुमारें दीडशें फूट पाण्यांत ती तिरपी उभी राहिली आणि तिचें शेंपूट कित्येक तास पाण्यावर सर्वांच्या नजरेसमोर होतें. चौघे सुटकेच्या कोठडींतून निघाले. ९९ जण आंतल्या दूषित हवेनें व पाण्यानें मेले. ती वर काढली गेली, 'थंडरबोल्ट' या नांवानें पुन्हां आरमारांत गेली, आणि १४ मार्च १९४३ रोजीं सिसिलीजवळ इटालियन नौकेच्या माऱ्यानें सर्व खलाशांसह बुडाली. त्या पहिल्या अपघातानंतर ब्रिटिश पाणबुड्यांच्या टॉर्पेडो-नळ्यांच्या दारांस एक जादा पकड बसविण्यांत येऊं लागली. दार एकदम न उघडतां बोटभरच उघडावें, एवढेंच तिचें काम. खलाशी तिला 'थेटिस क्लिप' म्हणत.

हौशी माणूस पाणबुडी तरंगवितो तोंवर ठीक. ती पाण्याखालीं नेऊन तिच्याशीं बोलावयाचें कसें, हा या विद्येचा गाभा आहे. बिनतारी लहरीनें दूरचें यंत्र हलवितां येतें हें कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं १८९५ सालीं दाखविलें. भिंतीपलीकडील घंटा वाजली आणि दारू पेटली. १८९८ सालीं न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डन या सभागृहांत निकोला टेस्लानें हौदांतली सुमारें चार फुटांची नाव लोकांसमक्ष अशीच वळविली. १९२० नंतर ब्रिटिश आरमारानें 'आगामेम्नन' ही जुनी युद्धनौका माणसांवांचून बिनतारी हुकमांवर चालवून तिच्यावर तोफांचा सराव केला. पण या साऱ्या नौका पाण्याच्या वर होत्या. पाणी, आणि विशेषतः खारें पाणी, विजेचें वाहक असल्यामुळें बिनतारी लहर गिळून टाकतें.

किती गिळतें तें लहरीच्या लांबीवर अवलंबून असतें. १९२७ सालीं विलायतेशीं बिनतारी दळणवळण सुरू झालें तेव्हां प्रक्षेपण पुण्याजवळ खडकीहून आणि ग्रहण दौंडला होत असे. त्या आंखूड लहरी हजारों मैल ओलांडून दौंडच्या माळावर पोंचत. पण मुंबईच्या समुद्रांत हातभर खालीं गेल्या नसत्या. म्हणून पाणबुड्यांसाठीं इंग्लंडांतील रग्बी येथील केंद्र १६ किलोहर्ट्झवर, म्हणजे सुमारें पावणेएकोणीस किलोमीटर लांबीच्या लहरीवर बोले. समुद्राच्या पाण्यांत ही लहर दर दोन मीटरांस सुमारें एक-तृतीयांशावर येते, तरी पेरिस्कोपच्या खोलीवर असलेल्या पाणबुडीस ती ऐकूं येई. मात्र उत्तर देतां येत नसे. तेवढ्या लांब लहरीसाठीं मैलांत मोजावे लागतील असे खांब आणि तारा लागतात. पाणबुडी त्या नेणार कोठें? उत्तर द्यावयाचें तर वर यावें लागे आणि वर आलें कीं ठावठिकाणा शत्रूस कळे. म्हणून ती ऐकत असे आणि गप्प राहत असे. भारताचें असें केंद्र १९९० सालीं तिरुनेलवेलीजवळ उभें राहिलें.

प्रतिकृतीची अडचण तीच, फक्त लहान. आजचीं बहुतेक खेळण्यांचीं व विमानांच्या प्रतिकृतींचीं यंत्रें २·४ गिगाहर्ट्झवर चालतात. त्यांची साडेबारा सेंटिमीटरांची लहर पाण्यांत वीतभर गेली न गेली तोंच विरते. म्हणून पाणबुडी करणारे लोक जुनीं, इतरांनीं अडगळींत टाकलेलीं २७ वा ४० मेगाहर्ट्झचीं यंत्रें हुडकून काढतात. भारतांत २७ मेगाहर्ट्झजवळचा एक पट्टा परवान्यावांचून वापरतां येतो. ही लहर देखील खाऱ्या पाण्यांत चार-पांच सेंटिमीटरांत क्षीण होते. परंतु गोड्या पाण्यांत कांहीं मीटर सहज जाते. याचा अर्थ असा कीं, ज्या समुद्रासाठीं मूळ पाणबुडी जन्मली त्या समुद्रांत तिची प्रतिकृति बहिरी असते, आणि मांजरेच्या उगमाजवळच्या एखाद्या तलावांत तिला सारें नीट ऐकूं येतें. पाटोद्याचा समुद्रापासूनचा दुरावा येथें गुण ठरतो. पाणी मात्र निवळ हवें. पहिल्या पावसानंतरच्या गढूळ तलावांत लहर पोंचली तरी नजर पोंचत नाहीं, आणि नजरेआड झालेली पाणबुडी चालविणें म्हणजे अंदाजाचा खेळ.

शहाणा कारागीर म्हणून आणखी एक युक्ति योजतो. ठराविक सेकंदांपर्यंत लहर ऐकूं आली नाहीं तर यंत्र आपण होऊन टाकींतलें पाणी बाहेर काढतें आणि पाणबुडी वर येते. कांहीं शुद्धतावाद्यांस असल्या सोयी खपत नाहींत. खऱ्या मापाचीं सुकाणें मंद वेगांत पाण्यास पुरेसा रेटा देत नाहींत, म्हणून तीं थोडीं मोठीं केलेलींही त्यांस सलतात. हा हट्ट फार ताणण्यांत अर्थ नाहीं. पारदर्शक पत्र्याची पट्टी लावून मोठें केलेलें सुकाणूं दुरून दिसत नाहीं, आणि दिसलें तरी त्यानें इतिहासाचें नुकसान होत नाहीं. तोफ चुकीच्या सालची बसविली तर तें मात्र होतें.

'ट्रायम्फ' ही पाणबुडी २६ डिसेंबर १९४१ रोजीं अलेक्झांड्रियाहून निघाली. अँटिपारोस बेटावर माणसें उतरविल्याचा संदेश तिनें ३० तारखेस पाठविला. ९ जानेवारीस ती त्यांस परत घेण्यास येणार होती, आली नाहीं. तिच्यावर ६४ माणसें होतीं. ८१ वर्षांनीं ती सांपडली तेव्हां तिचे पेरिस्कोप खालीं घेतलेले होते, झांकणें बंद होतीं, आणि मनोऱ्यावर सुकाणूचें चाक जागच्या जागीं होतें. ज्यास तिची प्रतिकृति करावयाची आहे त्यास आतां तें चाक कोठें बसवावें हें कळलें आहे.